वसंतदादा आणि सभासदाचे राहून गेलेले शिक्षण

वसंतदादा पाटील मराठी सातवीपर्यंत शिकले होते, ही गोष्ट महाराष्ट्रात नेहमी कौतुकाने सांगितली जाते. १९१७ मध्ये जन्मलेला, अगदी लहानपणी आईवडिलांना पारखा झालेला आणि आजीने वाढवलेला सांगलीजवळच्या पद्माळ्याचा हा शेतकऱ्याचा मुलगा आमदार झाला, सहकारी साखर कारखान्याचा संस्थापक झाला, दोन कालखंडांत राज्याचा मुख्यमंत्री झाला आणि पुढे राजस्थानचा राज्यपालही झाला. कौतुक योग्यच आहे. मात्र ते करताना एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. सातवी शिकलेल्या माणसाला कर्जाचे हप्ते, यंत्रसामग्रीचा घसारा, उसाचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) आणि मळीचा भाव यांचे गणित कळू लागले ते कोठे? ते त्यांना सहकारी संस्थेत कळले. संस्था उभी करता करता, पैसे गोळा करता करता, बँकेच्या आणि सरकारच्या दारात उभे राहता राहता कळले. मग त्याच संस्थेच्या, त्याच गावांतल्या, जवळजवळ तेवढेच शिकलेल्या हजारो सभासदांना ते गणित का कळू लागले नाही?

हा प्रश्न आज विचारण्याला कारण आहे. केंद्रात २०२१ मध्ये स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन झाले आणि २०२५ मध्ये संसदेने कायदा करून गुजरातेत आणंद येथे त्रिभुवन सहकारी विद्यापीठाला मान्यता दिली. सहकाराच्या शिक्षणावर पुन्हा एकदा सरकारी पैसा खर्च होणार आहे. तो कोणाला शिकवण्यासाठी खर्च व्हावा, हे ठरवताना महाराष्ट्राने आपल्या साखर पट्ट्यात गेल्या सत्तर वर्षांत काय घडले ते प्रामाणिकपणे पाहिले पाहिजे. माझे म्हणणे असे आहे की, आपण सहकारातून सभासदांची मुले शिकवली, संचालकांची मुले तर फारच चांगली शिकवली, उसाची शेतीही शिकवली. परंतु सभासदाला मालक म्हणून शिकवायचे काम आपण कधी मनावर घेतलेच नाही. वसंतदादांच्या आयुष्यात हे यश आणि हे अपयश दोन्ही ठळक दिसतात, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात करतो.

दादांच्या चरित्रातला सर्वांत परिचित प्रसंग २४ जुलै १९४३ चा. सांगलीच्या तुरुंगातून सहकाऱ्यांसह तट ओलांडून ते बाहेर पडले, पाठलागात त्यांना गोळी लागली, अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हे दोन सहकारी हुतात्मा झाले. या प्रसंगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यानंतरचा काळ अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण बंदुकीच्या राजकारणातून आलेल्या तरुणाने सुटकेनंतर शेअरच्या पावत्या फाडण्याचे काम हाती घेतले, आणि हे दुसरे काम पहिल्याइतकेच अवघड होते. १९५२ मध्ये ते तत्कालीन मुंबई राज्याच्या विधानसभेवर निवडून आले आणि त्याच दशकात सांगलीच्या शेतकरी सहकारी साखर कारखान्याची उभारणी झाली. तोवर प्रवरेच्या काठी लोणीत विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना काढून वाट दाखवली होती. तेथला पहिला गळीत हंगाम १९५० च्या अखेरीस सुरू झाला होता.

त्या काळी कारखाना काढणे म्हणजे काय होते, हे आजच्या वाचकासाठी थोडे सविस्तर सांगायला हवे. कोरडवाहू जमिनीतून जेमतेम पोट भरणाऱ्या शेतकऱ्याला आधी हे पटवायचे की गुऱ्हाळाच्या पलीकडे उसाला भविष्य आहे. मग त्याला शेअर घ्यायला लावायचा, आणि तो शेअर म्हणजे दागिना गहाण ठेवून किंवा सोसायटीचे कर्ज काढून दिलेली रक्कम असायची. त्यातच नदीवर उपसा सिंचन संस्था काढायची, इंजिन बसवायचे, पाणीपाळी ठरवायची, बांधावरची भांडणे मिटवायची. या प्रत्येक पायरीवर शेतकऱ्याला प्रश्न पडत आणि तो ते विचारी, कारण त्याचे पैसे नुकतेच खिशातून गेलेले असत. पैसे मागायला आलेल्या माणसाला उत्तरे द्यावीच लागत. कारखान्याच्या चिमणीतून धूर निघण्यापूर्वीची ही चार-पाच वर्षे म्हणजे महाराष्ट्रातील सहकारी शिक्षणाचा सर्वांत सकस काळ होता, असे मी मानतो. त्या शिक्षणाला ना अभ्यासक्रम होता, ना इमारत. स्वतः दादाही त्याच वर्गात शिकत होते.

कारखाना उभा राहिला आणि हा वर्ग हळूहळू सुटला. याची दोन कारणे मला दिसतात. पहिले कारण भांडवलाच्या रचनेत आहे. सहकारी साखर कारखान्यांसाठी पुढे जी पद्धत रूढ झाली तीत प्रकल्पखर्चाचा साधारण दहा टक्के भाग सभासदांच्या भागभांडवलातून, तीस टक्के राज्य सरकारच्या भागभांडवलातून आणि साठ टक्के कर्जातून उभा राहत असे, आणि त्या कर्जालाही बहुतेकदा सरकारची हमी असे. गरीब शेतकऱ्याला उद्योगाचा मालक होता यावे म्हणून ही मदत आवश्यक होती आणि ती देणाऱ्यांचा हेतू चांगला होता, याबद्दल मला शंका नाही. परिणाम मात्र असा झाला की, कारखाना काढण्याची किल्ली गावातून मुंबईला गेली. हजार शेतकऱ्यांना पटवण्यापेक्षा मंत्रालयातील एक सही मोलाची ठरली. ज्याच्याजवळ ती सही आणण्याची ताकद, तोच अध्यक्ष; आणि अध्यक्ष राहायचे तर आमदारकी, पक्ष, मंत्रिपद हे सारे ओघाने आले. पक्षाचे प्रदेशाध्यक्ष, पाटबंधारे मंत्री आणि मुख्यमंत्री झालेले दादा या व्यवस्थेचे शिल्पकारही होते आणि तिचे सर्वांत विश्वासार्ह रूपही.

दुसरे कारण सांगताना मन थोडे कचरते, कारण ते दादांच्या सर्वांत मोठ्या गुणाशी निगडित आहे. लोकांचा त्यांच्यावर विलक्षण विश्वास होता. दारात आलेल्या माणसाचे म्हणणे ऐकून घ्यायचे, जमेल ते तिथल्या तिथे करायचे आणि दिलेला शब्द पाळायचा, या रीतीमुळे ‘दादांचा शब्द’ हेच सांगली भागात हमीपत्र झाले. ज्या संस्थेचा प्रमुख असा असेल तिच्या सभासदाला अहवाल वाचण्याची गरज का वाटावी? दादा आहेत म्हणजे सारे ठीक असणार. हा विश्वास दादांनी कमावलेला होता, तो अपात्री नव्हता. परंतु विश्वास हा माणसावर बसतो आणि संस्था माणसाच्या मागे राहते. १ मार्च १९८९ रोजी दादा गेले. पुढे कारखान्याला त्यांचे नाव देण्यात आले, आणि ज्या कारखान्याची गणना एकेकाळी आशियातील मोठ्या साखर कारखान्यांत होत असे तो कर्जाच्या ओझ्याखाली दबत गेला. २०१७ मध्ये तो खासगी कंपनीला भाडेतत्त्वावर चालवायला द्यावा लागला. सांगलीतील त्यांच्या नावाच्या सहकारी बँकेचा परवानाही रिझर्व्ह बँकेने रद्द केला. या पडझडीची व्यवस्थापकीय, राजकीय आणि बाजाराशी निगडित कारणे अनेक आहेत आणि ती सर्व एका लेखात मावणार नाहीत. माझा मुद्दा एवढाच आहे की, घसरण चालू असताना दरवर्षी सर्वसाधारण सभा होत होत्या, ताळेबंद छापले जात होते आणि ते मंजूर होत होते. मंजूर करणारे हात सभासदांचेच होते.

माझे वडील अशाच एका कारखान्याचे सभासद होते. शाळकरी वयात मी त्यांच्याबरोबर एका वार्षिक सभेला गेलो होतो. मांडवात गर्दी होती. अहवालाची जाड पुस्तिका हातात पडली होती, पण बहुतेकांनी ती उन्हासाठी डोक्यावर धरली होती. व्यासपीठावरून ‘अहवाल वाचला असे समजावे’ अशी सूचना झाली आणि मागून ‘मंजूर, मंजूर’ असा गजर झाला. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी आलेले विषयही तसेच पार पडले. अर्ध्या तासात सभा संपली आणि लोक सवलतीच्या साखरेची चौकशी करत पांगले. वडिलांना घरच्या शेताचा पै-पैचा हिशेब तोंडपाठ असे, खताच्या पिशवीमागे दुकानदाराने दोन रुपये जास्त लावले तर ते परत जाऊन विचारत. मात्र ज्या कारखान्याचे ते मालक होते त्याच्या डोक्यावर किती कर्ज आहे, हे त्यांनी कधी विचारल्याचे मला आठवत नाही. विचारायचे असते, हे त्यांना कोणी सांगितलेच नव्हते.

सहकारात शिक्षणावर पैसा खर्च झाला नाही, असे कोणी म्हणू शकणार नाही. उलट महाराष्ट्राइतका तो क्वचितच कोठे झाला असेल. १९७५ मध्ये ऊस उत्पादक आणि कारखान्यांनी मिळून पुण्याजवळ मांजरी येथे डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट स्थापन केली. तिच्यामागे दादांची प्रेरणा होती आणि आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. नवीन वाण, बेणेमळे, माती परीक्षण, कारखान्यातील तंत्रज्ञान या बाबतीत या संस्थेचे काम मोलाचे आहे. शेतकऱ्यांसाठी ती ‘ऊसशेती ज्ञानयाग’ आणि महिलांसाठी ‘ज्ञानलक्ष्मी’ असे निवासी प्रशिक्षणवर्ग चालवते. (सातबारा पुरुषाच्या नावावर आणि म्हणून सभासदत्वही त्याचेच, अशा आपल्या व्यवस्थेत उसात राबणाऱ्या बाईला निदान प्रशिक्षणाचा हक्क मिळाला, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.) पण या वर्गांतून शेतकरी एकरी टन वाढवायला शिकतो. कारखान्याला घातलेल्या त्या टनाचे पुढे काय होते, साखर, मळी, बगॅस (उसाचा चोथा), इथेनॉल, सहवीज (चोथा जाळून केलेली वीज) यांतून काय आले आणि कशावर गेले, हे शिकणे त्याच्या वाट्याला येत नाही. त्याला चांगला पुरवठादार बनवले गेले. मालक बनवणे राहिले.

दुसरे शिक्षण अधिक मोठे आणि अधिक वादाचे. १९८३ मध्ये मुख्यमंत्री असताना दादांनी विनाअनुदान तत्त्वावर खासगी अभियांत्रिकी आणि वैद्यकीय महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यामागचा युक्तिवाद समजण्यासारखा होता. महाराष्ट्रातील मुले भरमसाट देणग्या देऊन कर्नाटकात शिकायला जात होती, सरकारी महाविद्यालयांतील जागा मोजक्या होत्या आणि नवी महाविद्यालये काढण्याएवढा पैसा सरकारजवळ नव्हता. या निर्णयाने ग्रामीण महाराष्ट्रातून अभियंत्यांची एक अख्खी पिढी निघाली, हे मान्य केलेच पाहिजे. माझ्या गावातील कितीतरी घरे त्यामुळे सावरली. त्याचबरोबर देणग्यांची कीड इतकी वाढली की, १९८७ मध्ये राज्याला कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा करावा लागला. या निर्णयाच्या गुणदोषांची चर्चा आजवर बहुधा याच दोन मुद्द्यांभोवती फिरली आहे. मला तिसरा मुद्दा मांडायचा आहे.

यांपैकी बरीच महाविद्यालये कारखान्यांच्या परिसरात, कारखान्यांच्या धुरीणांनी काढली. अनेक ठिकाणी त्यांच्यासाठी उसाच्या बिलातून टनामागे काही रक्कम कापली गेली. सभासदाने ती आनंदाने दिली, कारण मुलाबाळांच्या शिक्षणासाठी पैसा देणे त्याला पुण्याचे वाटले. परंतु कारखाना सहकार कायद्याखाली असतो आणि शिक्षणसंस्था सार्वजनिक विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली असते. कारखान्यात प्रत्येक सभासदाला एक मत आहे. विश्वस्त संस्थेत त्याला मतच नाही. तेथे विश्वस्त विश्वस्तांना निवडतात आणि पद घराण्यात राहते. म्हणजे शेतकऱ्याचा पैसा, जेथे त्याला निदान कागदावर तरी जाब विचारता येत होता तेथून निघून, जेथे तो प्रश्नही विचारू शकत नाही तेथे गेला, आणि या स्थलांतराला आपण सहकारातील शिक्षणप्रसार असे नाव दिले. इंग्लंडमध्ये १८४४ मध्ये दुकान काढणाऱ्या रॉचडेलच्या कामगारांनी थोड्याच वर्षांत आपल्या नफ्याचा अडीच टक्के भाग शिक्षणासाठी बाजूला काढायला सुरुवात केली होती. त्या पैशातून त्यांनी आपल्याच सभासदांसाठी वाचनालय चालवले, आणि वाचनालय सभासदांच्याच मालकीचे राहिले. आपल्याकडे नेमका हा धागा तुटला.

सभासदाचे शिक्षण राहून गेले याचा सर्वांत दुःखद पुरावा दर हंगामाच्या तोंडावर रस्त्यावर दिसतो. उसाच्या पहिल्या उचलीसाठी, म्हणजे बिलाच्या पहिल्या हप्त्यासाठी, शेतकरी कारखान्याच्या दारात ठिय्या देतो, गाड्या अडवतो, टायरमधली हवा सोडतो. ऊस गाळपासाठी टाकतात त्या ज्या गव्हाणीवर त्याची मालकी आहे तीच त्याला बंद पाडावी लागते. १९८० च्या सुमारास शरद जोशी यांनी शेतमालाच्या भावाचा प्रश्न रस्त्यावर आणला, तेव्हापासून ऊस पट्ट्यातील आंदोलनांनी शेतकऱ्याला पुष्कळ मिळवून दिले आहे, आणि मी त्यांचा ऋणी आहे. मात्र मालकाला स्वतःच्या संस्थेविरुद्ध आंदोलन करावे लागते, याचा अर्थ त्याची सभा मेलेली आहे. २०२२ मध्ये राज्य सरकारने एफआरपी, म्हणजे उसाला द्यायचा केंद्राने ठरवलेला किमान दर, दोन हप्त्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली, तेव्हा तिच्याविरुद्धची लढाई शेतकरी संघटनांना उच्च न्यायालयात जाऊन लढावी लागली आणि २०२५ मध्ये तेथे यश मिळाले. कारखान्यांच्या सर्वसाधारण सभांमध्ये या विषयावर नेटाने चर्चा होऊन ठराव का झाले नाहीत? राज्याच्या २०१३ च्या ऊसदर कायद्यात साखर आणि उपपदार्थ मिळून येणाऱ्या उत्पन्नाचा सत्तर टक्के वाटा ऊस उत्पादकाला देण्याचे सूत्र आहे. ते सूत्र आपल्या कारखान्याच्या आकड्यांना लावून पाहू शकणारे सभासद एका कारखान्यात किती निघतील?

यावर संचालकांकडून नेहमी एक उत्तर येते की, शेतकऱ्याला हे आकडे कळणार नाहीत, त्याला वेळही नाही. हे उत्तर मला मान्य नाही. दूध संस्थेत जाऊन पाहावे. दोन इयत्ता शिकलेली बाई फॅट आणि एसएनएफवर (दुधातील स्निग्धांश आणि इतर घन घटकांवर) काटेकोर बोलते, पाव टक्का कमी लागला तर म्हशीच्या चाऱ्याचा विचार करते किंवा मोजणाऱ्याशी भांडते. तिला हे कोणत्या विद्यापीठाने शिकवले? रोज हातात पडणाऱ्या पावतीवर ते दोन आकडे असतात आणि तिचे पैसे त्यांवर ठरतात, एवढे पुरेसे झाले. उसाच्या बाबतीत मात्र उतारा कारखान्याच्या प्रयोगशाळेत ठरतो, सरासरीत बुडतो, आधीच्या हंगामाचा धरला जातो, तोडणी-वाहतुकीची वजावट होते आणि शेवटी बँकेत एक रक्कम जमा होते. मधला सारा हिशेब सभासदाच्या नजरेआड आहे. माहिती ज्या रूपात द्यायला हवी त्या रूपात द्यायची नाही आणि मग सभासद अडाणी आहे म्हणायचे, हा न्याय नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. सभासद जागा झाला तर गटबाजी वाढेल, सभा उधळल्या जातील, कारभार ठप्प होईल, असे काही जुन्या, प्रामाणिक कार्यकर्त्यांनाही वाटते. त्यांचा अनुभव मी नाकारत नाही. परंतु गटबाजी आज नाही काय? पंचवार्षिक निवडणुकीत दोन पॅनेल उभी राहतात, जेवणावळी उठतात, पाहुणे-रावळ्यांची गणिते मांडली जातात, कारण मतदाराजवळ निवड करायला दुसरा आधारच नसतो. कर्ज किती वाढले, प्रतिटन प्रक्रिया खर्च शेजारच्या कारखान्यापेक्षा किती जास्त आहे, हे ज्याला माहीत आहे तो निदान त्यावर भांडेल, आणि ते भांडण संस्थेच्या कामाचे असेल.

कायद्याची अडचण नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ३२ ने सभासदाला संस्थेची हिशेबाची कागदपत्रे पाहण्याचा हक्क दिलेला आहे. सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर २०१३ मध्ये याच कायद्यात कलम २४-अ घालून सभासद, पदाधिकारी आणि कर्मचारी यांच्या सहकार शिक्षणाची जबाबदारी संस्थेवर टाकण्यात आली. प्रत्यक्षात या प्रशिक्षणाचे रूप बहुधा एक दिवसाचा वर्ग, हजेरीपट, भोजन आणि छायाचित्र एवढ्यावर येऊन थांबते, आणि त्या वर्गात बोलावले जातात ते संचालक व सचिव. नवे विद्यापीठही जर पदव्या देऊन व्यवस्थापक तयार करण्यातच रमले, तर व्यवस्थापक अधिक हुशार होईल आणि सभासद आहे तेथेच राहील. त्या दोघांतील अंतर तेवढे वाढेल.

म्हणून या पैशाचा मोठा वाटा गावात, गटपातळीवर खर्च व्हावा, अशी माझी मागणी आहे. प्रत्येक कारखान्याचे शेतकी गट आहेत, गटप्रमुख आहेत, ऊसतोडीच्या चिठ्ठ्या देणारे चिटबॉय आहेत. उसाची नोंद घरोघरी जाऊन घेता येते, तर वार्षिक सभेच्या महिनाभर आधी गटाची सभा घेऊन ताळेबंद समजावूनही देता येईल. अहवालाच्या जाड पुस्तिकेसोबत सोप्या मराठीतील एक पान असावे आणि त्यावर फक्त पाच-सहा आकडे असावेत: एकूण कर्ज आणि गेल्या वर्षीचे कर्ज, उतारा, टनामागे तोडणी-वाहतूक व प्रक्रिया खर्च, उपपदार्थांचे उत्पन्न आणि शेतकऱ्याचे थकलेले देणे. ते समजावून सांगणारा माणूस कारखान्याचा नोकर नसावा. विद्यापीठाने तयार करायचा तो हाच शिक्षक. आणि ज्या शिक्षणसंस्थांसाठी उसाच्या बिलातून कपात झाली आहे, त्यांनी त्या कपातीचा हिशेब आणि आपले वार्षिक जमाखर्च कारखान्याच्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवणे सरकारने बंधनकारक करावे. विश्वस्त मंडळावर सभासदांनी मतदानाने निवडलेले प्रतिनिधी असावेत, हीही मागणी मला रास्त वाटते. तिला विरोध कोठून होईल हेही मला ठाऊक आहे. वार्षिक सभा घेण्याची मुदत ३० सप्टेंबरला संपते, म्हणजे गटसभांना ऑगस्ट पुरेसा आहे. त्या महिन्यात ऊस वाढीला लागलेला असतो, पाऊस असतो, शेतात फारसे काम नसते, आणि लोक देवळाच्या ओवरीत बसलेलेच असतात.